नवमीचा पोकलेन

खाणीच्या गावाला खड्डा पडतो, एवढं मला शाळेतल्या भूगोलाने शिकवलं. त्या खड्ड्यातून निघालेलं पुढे कुठे जातं, ते मात्र पुस्तकात नव्हतं. ते आमच्याकडे येतं. कुठल्या तरी परराज्यातला लोखंडाचा दगड आणि कुठल्या तरी परमुलखातला कोळसा मोठ्या बोटीतून येऊन बाहेर समुद्रात थांबतो, तिथे बार्जीत, म्हणजे सपाट बुडाच्या मालबोटीत, उतरतो आणि भरतीबरोबर धरमतरच्या खाडीतून, आमच्या गावाला वळसा घालून जेट्टीवर जातो. जेट्टीवर त्याचे डोंगर होतात. एक लाल, एक काळा. कुठल्याशा खाणीत जेवढं कमी होतं तेवढं आमच्याकडे वाढतं. लहानपणी गावातल्या भिंतीवर मी डोंगराचं चित्र काढायचो ते हिरव्या खडूने. आताची पोरं लाल खडू मागतात आणि त्यांचं बरोबर असतं.

तसं बघायला गेलं तर आमच्या पेण तालुक्यात आमचं असं फार काही नाही. गणपती पेणचे, पण शाडू येतो गुजरातेतून. लोखंड इथलं म्हणतात, दगड बाहेरचा. स्वतःचं म्हणाल तर दोनच गोष्टी, मीठ आणि चिखल. त्यातलं मीठही आता सरत आलंय, बऱ्याच मिठागरांवर ट्रेलर उभे असतात. चिखलाला अजून गिऱ्हाईक आलेलं नाही.

मी स्वतः या सगळ्या अर्थव्यवस्थेत कुठे बसतो? खुर्चीवर. गाव सोडून पंचवीस वर्षं झाली. रोह्याला, नदीपलीकडच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरला आहे. नटबोल्टपासून हातमोज्यांपर्यंत कोणी काहीही मागायला आलं की आधी ‘नाही’ म्हणायचं, आणि तरीही तो उभा राहिला तर द्यायचं, असं माझं काम. हे काम मी इतक्या मनापासून केलं की घरीसुद्धा बायको चहाची साखर माझ्याकडून मागत नाही, स्वतः घेते. गावाकडे मात्र माझा फार दबदबा. ‘तो कंपनीत आहे, त्याच्या ओळखी आहेत,’ असं लोक म्हणतात. हा गैरसमज मी कधी दूर केला नाही.

त्या दबदब्यानेच मला गेल्या वर्षी आषाढात अडकवलं.

ज्येष्ठ अमावस्येच्या संध्याकाळी बायचा फोन आला. बाय म्हणजे माझी थोरली बहीण. गावातच दिलेली, खाडीकाठीच राहते. बावन्न वर्षांच्या, चष्मा लागलेल्या, पोट सुटलेल्या माणसाला ‘बाला’ म्हणणारी जगात ती एकटीच उरली आहे.

“बाला, बाहेरकाठा पाझरतोय रं,” ती म्हणाली. “वळणावर. आजच्या उधाणाला आतल्या अंगाला पाणी आलं. हात जाईल एवढं भोक हाय.”

बाहेरकाठा म्हणजे खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये उभा असलेला मातीचा बांध. त्याच्या एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला बायचं दीड एकर भात. आमच्याकडे समुद्र आणि जेवण यांच्यामध्ये एवढीच एक भिंत असते. बांध फुटला, म्हणजे आमच्या भाषेत खांड गेली, की एका भरतीत शेत मीठ पितं, आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथे भात होत नाही. बायची लावणी नुकतीच संपली होती. पुढचं मोठं उधाण होतं पुनवेला. मधे पंधरा दिवस.

“अर्ज दिलास का?” मी स्टोअरकीपरला शोभेल असं विचारलं.

“दिला. सायेब म्हनला, फाइल वर गेलीय. म्यां म्हटलं, फाइल वर गेली तर बरं, पानी तरी नाय लागायचं तिला.”

“आणि जेट्टीवाल्यांना सांगितलंस? बार्जीच्या लाटा आपटतात म्हणून?”

“त्यांना कंच्या तोंडानं सांगू?” ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, त्याच बार्जींपैकी एकीवर तांडेल आहेत, सुकाणू त्यांच्या हातात. गावाचं म्हणणं, बार्जीच्या लाटांनी बांध खाल्ला. कंपनीचं म्हणणं, खेकड्यांनी पोखरला. खरं काय ते खेकड्यांना आणि लाटांना माहीत. पण बायने तक्रार लिहिली असती तर ती घरच्याच माणसाविरुद्ध झाली असती. ज्या बार्जीने बांध हलतो, तिच्यावरच चूल पेटते. आमच्या भागाचा भूगोल आणि अर्थशास्त्र असं एकाच ताटात वाढलेलं असतं. वेगळं काढता येत नाही.

“यंदा गेलं ना बाला, तर ते म्हनतात जमीन यार्डवाल्याला द्यायची,” ती हळूच म्हणाली. “ट्रेलर लावायला. चार वेळा येऊन गेला तो. मना नाय द्यायची.”

मी म्हणालो, “मी बघतो.”

फोन ठेवला तर बायको दारात उभी. “तुम्ही बघता म्हणजे नुसतं बघता,” ती म्हणाली. “मागे नणंदबाईंच्या मीटरचं बघत होतात. अजून बघताय.”

पण या वेळी माझ्याकडे खरोखरच एक ओळख होती. जेट्टीच्या कंपनीत गावकऱ्यांशी बोलायला नेमलेले एक साहेब आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहत. सकाळी कुंडलिकेच्या काठाने फिरताना आमची गाठ पडायची. ओळख म्हणजे काय, दोनदा नमस्कार आणि एकदा ‘आज ढग आहेत’. पण गावात जाऊन मी सांगितलं होतं की साहेब आपल्या खिशात आहेत. आता खिशात हात घालायची वेळ आली.

आमच्याकडे साहेबाकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. जिताडा घेऊन जातात. शेततळ्यात वाढवलेला, दोन-तीन पावसाळे पाहिलेला, पांढऱ्या मांसाचा हा मासा खाडीकाठच्या माणसाचं विनंतीपत्र आहे. तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत ज्या कोणाकडे आमच्या लोकांचं काम अडलं, तिथे कागदाच्या आधी जिताडा पोचला, असं म्हातारे अभिमानाने सांगतात. काम झालं की नाही, ते सांगत नाहीत.

मी गावी गेलो तेव्हा बायने पागाचं जाळं टाकून तळ्यातला सगळ्यात मोठा जिताडा काढला. माझ्या मांडीएवढा. तिने तो बर्फात घालून थर्माकोलच्या खोक्यात बसवला. शेपूट बसेना, तेव्हा झाकणाला भोक पाडून बाहेर काढलं. ते खोकं स्कूटरवर पायांमध्ये धरून मी निघालो. वडखळला ट्रेलरची रांग, तिथे एक ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला, “काका, कुनाचं काम अडलं?” शेपटीवरूनच ओळखलंन. नागोठण्याला अंबा नदी पुलाला टेकायला आली होती आणि पेट्रोकेमिकलच्या चिमणीची ज्योत पावसातही जळत होती. भिसे खिंडीत बर्फाचं पाणी माझ्या बुटात उतरलं. रोहा आलं ते मला डोळ्यांच्या आधी नाकाने कळलं. एमआयडीसीच्या माणसाला वासावरून कुठल्या कंपनीत काय चाललंय ते ओळखता येतं. त्या दिवशी मात्र सगळे वास हरले होते.

साहेबांच्या बाईंनी दार उघडलं, शेपटीकडे पाहिलं, आणि दोन्ही हात कपाळाला लावले.

“अहो, आणखी एक!” त्या आत ओरडल्या.

साहेब बाहेर आले. तिशीतला मुलगाच म्हणायचा. मला बसवलं, टॉवेल दिला, आणि स्वयंपाकघरात नेऊन फ्रिजचं वरचं दार उघडलं. आत चार जिताडे एकावर एक झोपले होते. “दोन शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये आहेत,” ते म्हणाले. “एक तुमच्या बिल्डिंगमध्येच आहे, पहिल्या मजल्यावर. काका, हा आठवा. आम्ही चंद्रपूरकडले. माह्या बायकोला खाऱ्या माश्याचा वासच सहन होत नाही. मी कोणाकोणाला नाही म्हणू? लोक दारात ठेवून पळून जातात.”

मी लाजलो. पण माझ्या धंद्यातला एक नियम आहे, समोरचा ‘नाही’ म्हणाला तरी उभं राहायचं. मी उभाच राहिलो, तेव्हा त्यांनी चहा सांगितला.

चहावर ते बोलायला लागले. त्यांचं गाव कोळशाच्या खाणींचं. म्हणजे आमच्या खाडीत जे येतं, तसलं काही त्यांच्या अंगणाखालून निघायचं. “पहिले खाण गावाच्या बाहेर होती,” ते म्हणाले. “मग गावाच्या जवळ आली. मग लक्षात आलं, खरा कोळसा गावाच्याच खाली आहे. झालं मग. आम्हाला दुसरीकडे घरं दिली, चांगली घरं दिली, मी नाही म्हणत नाही. पण माही आई अजून पत्ता जुनाच सांगते. पोस्टमन नवा असला का गोंधळून जाते. त्या पत्त्यावर आता पाणी भरलेला खड्डा आहे. एवढा मोठा, का पलीकडला माणूस दिसत नाही.”

मी म्हणालो, “आमच्या गावाखाली काही नाही.”

“बरं आहे ना, बाप्पा,” ते म्हणाले. “नसूच द्या.”

मग त्यांनी वही काढली. बांधाला मासे न देताही मदत करता येते, असं ते अगदी सौम्यपणे म्हणाले. जेट्टीजवळचा गाळ काढायला कंपनीचा एक पोकलेन तराफ्यावर बसवलेला आहे, पावसात त्याला काम कमी असतं, एक दिवस देता येईल. खाडीतूनच येईल, बांधाला लागेल, बाहेरच्या बाजूने चिखल उचलून भोकावर टाकेल. चार तासांचं काम.

“कोणत्या दिवशी पाठवू?” त्यांनी विचारलं.

इथे माझ्या अंगात बापजादे संचारले. आमच्याकडे बांधाचं काम नेहमी भांगाला करतात. अष्टमी-नवमीच्या सुमारास भरती अगदी नरम असते, पाणी बांधापासून लांब राहतं, माणसाला खाली उतरून माती भरता येते. आमचे वडील तसंच करत, त्यांचे वडीलही. शिवाय त्या आठवड्यात नवमी शुक्रवारी होती, आणि शुक्रवार ही माझ्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी.

“नवमीला,” मी ठासून सांगितलं. “भांग असतो. पाणी कमी.”

“कमी पाणी चालते?” कोळशाच्या गावचा तो माणूस म्हणाला. “मला यातलं काही समजत नाही, काका. तुम्ही इथले आहात म्हणून विचारतो.”

“कमी पाहिजे तेच तर,” मी म्हणालो. “अहो, आमचा जन्म खाडीत गेला.”

त्यांनी वहीत लिहून घेतलं. खोकं मी परत घरी आणलं. बायकोने जिताड्याचं चिंचेतलं कालवण केलं आणि पहिल्या घासाला म्हणाली, “काम होवो न होवो, साहेब वारंवार यावेत तुमच्या ओळखीत.” बायला मी फोन करून एवढंच सांगितलं, “शुक्रवारी पोकलेन येतोय.” कुठून येतोय, ते मुद्दाम राखून ठेवलं. म्हटलं, बघू दे सगळ्या गावाला.

बघितलं सगळ्या गावाने.

नवमीला सकाळी मी इस्त्रीचा शर्ट आणि कंपनीचे सेफ्टी शूज घालून बांधावर उभा होतो. बाजूला बाय, तिच्या बाजूला अर्धं गाव. टग, म्हणजे ओढणारी बोट, दिसला, त्याच्यामागे तराफा, तराफ्यावर पिवळा पोकलेन हात वर करून येत होता. मी बायकडे पाहिलं. ती माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघत होती.

“बाला,” ती म्हणाली, “हा पान्यातून येतोय?”

“मग काय!”

“आज कंची तिथ?”

“नवमी.”

तिने हळूच डोक्यावरचा पदर सारखा केला. “आरं देवा,” ती म्हणाली. एवढंच.

माणसाला काम करायला पाणी कमी लागतं. तराफ्याला तरंगायला पाणी जास्त लागतं. हे खाडीकाठचं शेंबडं पोरही सांगेल, पण शेंबड्या पोराला कोणी विचारलं नव्हतं. भरती पूर्ण भरली तेव्हा तराफा बांधापासून पन्नास पावलांवर होता, आणि तिथेच तो चिखलावर अलगद बसला. टगवाल्याने एकदा ओढून पाहिलं, मग स्वतःच अडकायच्या भीतीने दोरी सोडली.

“हे कुनी ठरवलं?” तो टगवरून ओरडला. “भांगाला तराफा? कंचा साह्यब तो?”

सगळं गाव माझ्याकडे बघू लागलं. मी चष्मा पुसला.

“आता मोठ्या पान्याशिवाय हा हलायचा नाय,” टगवाला म्हणाला. “मना उद्यापासून जेट्टीवर काम हाय. पुनवेला येतो न्यायला.” आणि तो गेला. पोकलेनचा ऑपरेटर, झारखंडकडचा एक शांत माणूस, केबिनमधून उतरून तराफ्याच्या काठावर बसला आणि त्याने डबा उघडला.

ओहोटी लागली. तराफा उघडा पडला. पोकलेनचा हात लांबवला तरी बांधापासून तीस-पस्तीस पावलं कमी पडत होता. पुनवेला पाणी आलं असतं, तराफाही उचलला असता. पण पुनवेला तर आमची परीक्षाच होती.

“बाय, मी परत साहेबांना फोन करतो,” मी म्हणालो.

“ऱ्हाव दे,” ती म्हणाली. “तुझ्या फोनानं हे झालं. आता तू काय बघू नकोस. बूट काढ.”

मग तिने मला आणि साहेबांना न सुचलेली गोष्ट केली. चिखलात उतरून ती तराफ्यापर्यंत गेली, कमरेवर हात ठेवून त्या झारखंडच्या माणसाकडे बघितलं, आणि खुणेने सांगितलं: तिथला चिखल उचल, आणि जेवढा हात पुरेल तेवढ्या लांब, बांधाच्या बाजूला टाक. त्याला मराठी येत नव्हतं आणि हिला हिंदी, पण चिखलाला भाषा लागत नाही. त्याने हात फिरवला. दहा माणसांच्या दिवसभराच्या कामाएवढा ओला काळा गोळा पंधरा पावलं पुढे येऊन पडला. राहिली ती मधली पस्तीस पावलं. ती माणसांनी भरायची.

बांधाचं काम निघालं की घरटी एक माणूस यायचा, ही आमच्या खारजमिनीची जुनी चाल. पण आता घरटी माणूस असतो कुठे? कोणी फर्स्ट शिफ्टला, कोणी नाइटला. बाय दारोदार फिरली. “तुझा कवा सुटतो गो?” “दोनला.” “मग अडीचला पाठव. जेवन नंतर.” तिच्या डोक्यात गावातल्या प्रत्येक घराची पाळी होती. आमच्या कंपनीत ड्युटीचं कोष्टक करायला दोन माणसं आणि एक कॉम्प्युटर लागतो.

दुपारी अडीचला बस आली आणि माणसं थेट बांधावर उतरली. तसं दृश्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. नारिंगी डगलेवाले जेट्टीचे, निळे नागोठण्याचे, करडे कुठल्याशा ठेकेदाराचे, एक पांढरा बँकेचा शिपाई. आमच्या तालुक्याचा सगळा उद्योगधंदा चिखलात एका रांगेत उभा होता. घमेली कमी पडली तेव्हा कोणीतरी हेल्मेट काढून पुढे केलं. मग सगळ्यांनीच काढली.

“सेफ्टीवाला बघेल तर?” एकजण म्हणाला.

“बघू दे,” बाय म्हणाली. “डोकी शाबूत हायत तुमची. बांधाला इजा झालीय.”

पिवळी, पांढरी, निळी हेल्मेटं चिखलाने भरून हातोहात बांधाकडे जात होती आणि रिकामी परत येत होती. बांधावर बायका पेंढ्याचा थर टाकत, त्यावर चिखल, मग पायांनी तुडवणं. खेकड्याची बिळं हाताने बुजत नाहीत, टाचेने बुजतात. मला रांगेत मधे उभं केलं होतं, कारण दोन्ही टोकांना जबाबदारी होती. तासाभरात माझी कंबर बोलायला लागली. बाजूचा नारिंगी पोरगा म्हणाला, “काका, तुम्ही स्टोअरला ना? मग आज द्यायलाच लागलात की!” रांग हसली. मीही हसलो, हातात भरलेलं हेल्मेट असताना दुसरं करणार काय.

तिसऱ्या दिवशी, मी रजा टाकून बांधावरच होतो तेव्हा, साहेब आले. मी त्यांना फोन केला नव्हता, माझी हिंमत झाली नव्हती. त्यांनी चिखलात बसलेल्या तराफ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“काका,” ते म्हणाले, “कमी पाणी पाहिजे तेच तर, म्हणाले होते ना तुम्ही?”

“माणसांसाठी,” मी म्हणालो. “तपशिलात चूक झाली.”

“माह्या रिपोर्टमध्ये काय लिहू?”

“लिहा की काम सुरू आहे.”

त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. गाडीतून रिकाम्या गोणींचा गठ्ठा आणला होता. त्यात चिखल भरून गोणी भोकाच्या तोंडाशी लावायच्या, ही कल्पना त्यांची. मग ते रांगेत माझ्याशेजारी उभे राहिले. पहिल्याच हेल्मेटला त्यांचा तोल गेला आणि ते बसले. बाय लांबून ओरडली, “कुनाचं पोर ते? उठवा त्याला!” साहेब आहेत, असं कोणी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “असू दे. साह्यब पन कुनाचं पोरच असतंय.”

चतुर्दशीला बांध पूर्वीपेक्षा हातभर उंच झाला. ओला होता. ओल्या बांधाचा भरवसा नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

पुनवेला भरदुपारी उधाण आलं. पाऊस नव्हता, वाराही नव्हता. पाणी आवाज न करता चढत होतं, आणि ते जास्त भीतीचं वाटतं. आधी तराफा हलला, मग सरळ झाला. टगवाला आला, त्याने दोरी बांधली. झारखंडचा माणूस केबिनमधून हात हलवत गेला. बायने त्याला तांदळाच्या भाकऱ्यांचं गाठोडं दिलं होतं. पाणी आमच्या नव्या मातीला लागलं आणि चढत राहिलं. आतल्या बाजूला बायचं भात वीतभर उंच, पोपटी, त्याला कशाचा पत्ता नव्हता.

भरती भरायला थोडं राहिलं असताना वळणावर बार्ज दिसली. लाल दगडाने भरलेली, पाण्याला टेकलेली. सुकाणूवर दाजी. एवढ्या पाण्यात एक लाट पुरे होती. बार्ज पलीकडच्या काठाला गेली. इंजिनाचा आवाज उतरला, आणखी उतरला. ती चालतेय की थांबलीय, तेच कळेना. पायी चालणारा माणूस तिच्या पुढे गेला असता. दाजींनी आमच्याकडे वळून बघितलं नाही. समोर बघत, मान न हलवता, त्यांनी ते सगळं वळण घेतलं. मागून आलेलं पाणी बांधाला नुसतं शिवून गेलं.

“पस्तीस वर्सं झाली,” बाय पुटपुटली, “घरात हा बाप्या कवा हलूहलू चालला नाय.”

मग ती बांधाच्या आतल्या अंगाला उतरली. भोक होतं तिथे थोडी ओल दिसत होती. ओल दिसली की दोन गोष्टी असतात. एकतर पावसाचं मुरलेलं पाणी, नाहीतर खाडीने आत काढलेली वाट. डोळ्यांनी सांगता येत नाही. आम्ही सगळे वरून बघत होतो, साहेबही. तिने वाकून भाताच्या कडेचं पाणी ओंजळीत घेतलं आणि तोंडाला लावलं. चूळ भरल्यासारखं फिरवलं. थुंकली. पुन्हा घेतलं.

“काय गो?” वरून कोणी विचारलं.

तिने मला हाक मारली.

“बाला, तू ये. माजी जीभ आज माज्याच बाजूनं हाय. मना जे पायजे तेच लागंल.”

मी घसरत खाली गेलो. ओंजळ भरली. पाण्यात काडी होती, शेवाळ होतं, लावणीच्या वेळच्या शेणखताचा वास होता. मी डोळे मिटून घोट घेतला. पंचवीस वर्षं एमआयडीसीत काढलेली माझी जीभ, तिचा मलाच भरवसा नव्हता. म्हणून दुसरा घोट घेतला, आणि तिसराही. बाय माझ्या तोंडाकडे बघत होती.

“गोड,” मी म्हणालो.

“नक्की?”

“गोड आहे, बाय.”

तिने आणखी एक ओंजळ घेतली आणि या वेळी ती थुंकली नाही, प्यायली.